बधिर घोट्याची साक्ष

मोजमापांच्या त्या संस्थेत तळमजल्याच्या टोकाला एक खोली होती. तिथे तापमापकांची झडती घेतली जाई. दवाखान्यांतून, कारखान्यांतून, दुधाच्या शीतगृहांतून तापमापक तिथे येत आणि ते खरं बोलतात की थापा मारतात, हे तिथली तपासनीस थोरली, दोन भावंडांतली मोठी बहीण, ठरवत असे. खोलीच्या मधोमध टेबलावर रुंद तोंडाचा एक मोठा थर्मास ठेवलेला असे. त्यात शुद्ध पाण्याचा, भरड वाळूसारखा चुरलेला बर्फ आणि त्याच्या फटी भरतील इतकंच पाणी. बर्फ आणि पाणी असे एकत्र नांदत असले की त्यांचं तापमान शून्य अंश असतं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणाच्या मतभेदाने त्यात फरक पडत नाही. थोरलीला जगातल्या मोजक्याच गोष्टींबद्दल आदर होता आणि हा थर्मास त्यांच्यात बराच वरच्या क्रमांकावर होता. संस्थेत तिला पाठीमागे 'शून्यबाई' म्हणत. ते तिच्या कानावर आलं होतं. तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही आढळलं नाही. शून्य निदान आपली जागा सोडत नाही.

खोलीचा पहिला नियम होता, 'आल्या स्थितीत वाचन'. एखादं साधन तपासणीसाठी आलं की ते पुसायचं नाही, झटकायचं नाही, त्याची बॅटरी बदलायची नाही. ते जसं आलं तसं आधी वाचायचं आणि मगच त्याला हात लावायचा. दुरुस्तीनंतरचं वाचन साधनाविषयी काहीच सांगत नाही, फक्त दुरुस्ती करणाऱ्याविषयी सांगतं. खोलीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती हे ऐकवी, आणि जुन्यांनाही अधूनमधून, औषधाच्या मात्रेसारखं.

दुसरा नियम तिने स्वतःपुरता केला होता. कोणताही आकडा सांगताना त्याच्या शेजारी चुकीला जागा सोडायची. आई विचारायची, "जेवायला किती वाजता येशील?" थोरली म्हणायची, "आठ. दहा मिनिटं इकडे-तिकडे." आई म्हणायची, "इकडचं जेवण गरम मिळेल, तिकडचं गार. माणूस आहेस की घड्याळ?" थोरली मग खरोखरच आठला, दहा मिनिटं इकडे-तिकडे, येऊन दाखवायची.

धाकटा भाऊ अगदी दुसऱ्या टोकाचा. दिवसा तो एका छापखान्यात यंत्रं सांभाळायचा आणि संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. घरात त्याला 'शिट्टी'च म्हणत. मैदानात तो एकदा शिट्टी वाजवून मोकळा झाला की झाला. शंकेला जागा ठेवणारा पंच सामना संपेपर्यंत टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. बरीच वर्षं तो मधल्या श्रेणीत अडकून पडला होता. वरच्या श्रेणीसाठी धावण्याची परीक्षा द्यावी लागे. गेल्या वर्षी ती त्याची थोडक्यात हुकली होती, आणि वयाच्या अटीमुळे हे वर्ष शेवटचं होतं. परीक्षा शनिवारी सकाळी होती. शुक्रवारी दुपारी कामावरून लवकर सुटून तो थोरलीच्या खोलीत येऊन ठेपला आणि खिशातून स्टॉपवॉच काढून त्याने टेबलावर ठेवलं.

"ताई, एवढं तपासून दे. परीक्षकांच्या घड्याळावर माझा विश्वास नाही आणि माझ्या घड्याळावर त्यांचा नाही."

"मग मी तपासलेल्या घड्याळावर दोघांचा बसेल, असं कशावरून?"

"त्यांचं जाऊ दे. माझा बसेल. तू एकदा 'बरोबर' म्हणालीस की मी शांत झोपतो. लहानपणापासून."

हे मात्र खरं होतं. पलंगाखाली काही नाही, विहिरीत भूत नाही, गणिताचं उत्तर जुळतंय, असे अनेक निकाल थोरलीने त्याच्या लहानपणी दिले होते. तिने एकदा दिलेला शब्द मागे घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याच्या आठवणीत खोट नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. ती पूर्ण तपासल्याशिवाय बोलतच नसे.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतले सहकारी डोकावले. ते वजनं आणि काटे तपासत, म्हणून त्यांना सगळे 'तराजूवाले' म्हणत. गप्पांना माणूस मिळाला की त्यांचा काटा झुकायचा. "काय पंच, उद्या परीक्षा म्हणे? मला एक सांगा, तुम्ही लोक मैदानात उलटे का धावता? पुढे बघून धावलं तर काय बिघडतं?"

"चेंडूकडे पाठ केली की गोल होतो, काका. आणि न बघितलेला गोल म्हणजे भांडण."

"पण पडत नाही?"

"पडायला काय झालं? दाखवतो."

त्याने दाखवलं. जुनी इमारत आणि नवी इमारत जिथे जोडली होती, तिथे व्हरांड्याला एक पायरी होती. कोणी अडखळू नये म्हणून तिच्या कडेवर पिवळी पट्टी मारलेली होती. ती पट्टी अर्थातच पुढे बघून चालणाऱ्यांसाठी होती. धाकटा सफाईने उलटा धावत गेला. हात सैल, मान ताठ, नजर तिथे नसलेल्या चेंडूवर. पायरीपाशी त्याचा डावा पाय अर्धा जमिनीवर, अर्धा हवेत टेकला, पाऊल आतल्या बाजूला दुमडलं आणि शरीराचा सगळा भार त्या दुमडलेल्या पावलावर आला. तो खाली बसला. बसला म्हणण्यापेक्षा गोळा झाला.

"फाऊल!" दात आवळून तो म्हणाला.

"कोणाचा?" तराजूवाल्यांनी विचारलं.

"पायरीचा."

विनोद करणारा माणूस शुद्धीवर असतो, एवढी नोंद थोरलीने मनात केली. तिने त्याला उठू दिलं नाही. तिने आणि तराजूवाल्यांनी मिळून त्याला खुर्चीसारखं उचललं आणि तापमापकांच्या खोलीत आणलं. एका स्टुलावर घडी घातलेले दोन पांढरे कोट ठेवून त्यावर त्याचा पाय उंच ठेवला. बुटाची नाडी पूर्ण सोडून, नाडीखालची जीभ पुढे ओढून तिने बूट काढला, मग मोजा. घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली, लिंबाच्या फोडीएवढी सूज डोकं वर काढत होती.

"थांबा, माझ्याकडे मलम आहे," तराजूवाले म्हणाले. "जोरात चोळलं की रक्त मोकळं होतं."

"रक्त आधीच नको तिथे मोकळं झालंय. तीच सूज आहे. चोळायचं नाही."

"मग वर डीप फ्रीझरमध्ये त्या निळ्या पिशव्या आहेत, त्या आणतो. दगडासारख्या गार असतात."

"त्या उणे वीसला असतात. कातडीवर ठेवल्या तर मुरगळण्याच्या जोडीला हिमदाह होईल. नको." आणि तिने आपल्या आदरणीय थर्मासकडे पाहिलं.

दिवसाची शेवटची तपासणी अजून व्हायची होती. तरीही तिने पळीने त्यातला चुरा काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, पिशवीतली हवा दाबून काढली, ती पातळ टॉवेलात गुंडाळली आणि घोट्याला सगळीकडून लागेल अशी बसवली. तराजूवाल्यांनी टोपी नसताना टोपी काढल्याचा अभिनय केला. "बघा पंच, तुमच्या पायाला आज प्रमाणित बर्फ लागला. राजालासुद्धा मिळत नाही."

बर्फाने सूज खरोखर किती उतरते, याचे पुरावे बर्फाइतके घट्ट नाहीत. थोरलीने कधीतरी ते वाचून काढले होते आणि नाक मुरडलं होतं. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. बर्फाने वेदना कमी होते. पाहता पाहता धाकट्याच्या कपाळावरची आठी विरली. तो इकडे-तिकडे बघू लागला, भिंतीवरचे तक्ते वाचू लागला, आणि पिशवी काढायची वेळ झाली तेव्हा तो तराजूवाल्यांना ऑफसाइड समजावून सांगत होता, म्हणजे अगदी ठणठणीत होता.

आता हाड. संस्थेत दरवर्षी प्रथमोपचाराचं शिक्षण होई आणि थोरली त्यात पहिल्या रांगेत बसे. घोटा मुरगळला तर हाड मोडल्याची शंका कधी घ्यायची, याची एक सोपी कसोटी तिथे शिकवली होती. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड आणि टोक दाबून बघायचं, पावलाच्या मधल्या भागातली दोन ठराविक ठिकाणं दाबायची, आणि जखमी माणसाला चार पावलं टाकता येतात का ते पाहायचं. हाडावर दाबून दुखलं किंवा चालता आलं नाही, तर एक्स-रे. नाहीतर बहुधा हाड शाबूत. कसोटी साधी होती आणि सिद्ध झालेली होती. थोरलीने ती पुस्तकात छापावी अशा शिस्तीने घेतली. अंगठा हाडाच्या मागच्या कडेवर ठेवून ती खालून वर गेली.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"गार लागतंय."

"गार विचारलं नाही. दुखतं का?"

"नाही गं. दाब ना, जोरात दाब. मैदानात याच्या दसपट लाथा खाल्ल्यात."

मग तो उठला आणि टेबलापासून दारापर्यंत चालून गेला. जरासा लंगडत, पण गेला. तिथून वळून त्याने दोन्ही हात पसरले, गोल झाल्यावर खेळाडू पसरतात तसे.

"हाड मोडलेलं नाही," थोरली म्हणाली.

"नक्की?"

तो तिच्याकडे बघत होता. विहिरीकाठी भुताबद्दल विचारताना बघायचा, तसाच. थोरलीला हायसं वाटलं होतं. आनंद हीदेखील मोजमापातली एक ओळखीची त्रुटी आहे, फक्त तिची दुरुस्ती कोणत्याच तक्त्यात दिलेली नसते.

"नक्की," ती म्हणाली. शेजारी जागा न सोडता.

"म्हणजे उद्या धावू शकतो."

"बंध ताणलाय. धावणं शहाणपणाचं नाही."

"शहाणपणाचा विषयच नाही. हाड शाबूत आहे ना? मग घट्ट बांधून धावेन. उद्याचं धावलो की मग महिनाभर पाय वर करून बसतो. तू म्हणशील त्या अंशाला."

त्यावर ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे परवानगी, असा अर्थ मैदानावरचा माणूस लावणारच. तिने बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलं, नखं दाबून रक्त परत येतंय याची खात्री केली, आणि टॅक्सीने त्याला घरी पोचवलं.

दारातच आईने दोघांची उलटतपासणी घेतली. आईचं वैद्यकशास्त्र तिच्या वडिलांकडून आलेलं होतं. "मुरगळलं की मिठाने शेकायचं आणि चोळायचं. एवढी शिकलीस आणि बर्फ लावून आलीस? तुझ्या आजोबांचा पाय असाच मुरगळला होता. रोज शेकून चोळला."

"आणि आजोबा आयुष्यभर लंगडत चालले, आई."

"पण दुखत नव्हतं!"

आज शेक नाही आणि चोळणं नाही, असं दोनदा बजावून थोरली परत संस्थेत आली. थर्मास उघडा पडला होता, अर्धा रिकामा. असा थर्मास टाकून घरी जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

खिडकीतून संध्याकाळचं तिरपं ऊन टेबलावर आलं होतं. तिने नवा बर्फ चुरला, थर्मास पुन्हा भरला, झाकण लावलं. मग तिला धाकट्याचं स्टॉपवॉच दिसलं. हातासरशी हेही उरकावं म्हणून तिने ते उचललं. पडद्यावरचे आकडे फिके पडले होते, म्हणजे बॅटरी म्हातारी झाली होती. तिने खण उघडला, नवी बॅटरी काढली आणि घड्याळाच्या पाठीचा स्क्रू फिरवायला घेतला.

तिथे तिचा हात थांबला.

तो नियमाने थांबला. आल्या स्थितीत वाचन. बॅटरी बदलण्याआधी घड्याळ जसं आलं तसं वाचायला हवं. हे तिला आठवावंसुद्धा लागत नसे, हाताला आपोआप कळे. पण या वेळी हात थांबला आणि त्याच्या मागोमाग डोकंही थांबलं. समोर भरलेला थर्मास होता. शेजारच्या टॉवेलावर ओल्या पिशवीचा गोल डाग होता. स्टुलावर पांढऱ्या कोटांची घडी होती, पावलाच्या वजनाने मधोमध खचलेली.

तिने आधी बर्फ लावला होता आणि मग विचारलं होतं, दुखतं का.

जगात बर्फाने निर्विवाद होणारी एकच गोष्ट, आणि ती करून झाल्यावर तिने त्याच गोष्टीचं वाचन घेतलं होतं. घोट्याने साक्ष दिली होती खरी, पण साक्षीदाराला आधी बधिर करून. आणि चार पावलं? तीही बधिर घोट्यानेच टाकली होती. दुसऱ्या कोणी असं वाचन तिच्यापुढे ठेवलं असतं तर तिने आवाज न चढवता ते परत केलं असतं आणि तो माणूस आठवडाभर जेवला नसता. बर्फ हाताशी नसता तर तिने घोटा आधी दाबला असता. घरात बर्फ शोधायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस दाबून बघतोच. शून्य अंशाचा बर्फ सतत समोर तयार असलेल्या बाईच्याच हातून ही चूक होऊ शकत होती.

तिने स्वतःला फार दोष दिला असं नाही. तिने हिशेब केला. हाड मोडलेलं असण्याची शक्यता कमीच होती, मुरगळलेल्या घोट्यांपैकी बहुतेकांची हाडं शाबूतच असतात. पण 'बहुतेकांची' आणि 'याचं' यांच्यामध्ये जी फट होती, ती तिने 'नक्की' या एका शब्दाने बुजवली होती. आणि त्या शब्दावर भाऊ उद्या सकाळी पूर्ण वेगाने धावणार होता. चिरलेल्या हाडावर धावलं तर चीर सरकते, आणि मग पंच तर सोडाच, जिना उतरणारा माणूससुद्धा उरत नाही.

तिने घड्याळ न उघडता तसंच ठेवलं, दिवा मालवला आणि ती घरी गेली.

धाकटा पलंगावर बसला होता, पाय उशांवर. बर्फाचा अंमल ओसरला होता. ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं, पण तो तसं सांगणार नव्हता. आई खुर्चीत बसून मिठाच्या पुरचुंडीकडे आशेने बघत होती. थोरली उभ्यानेच म्हणाली, "मघाचं वाचन रद्द."

"कसलं वाचन?"

"हाड मोडलेलं नाही, असं मी म्हटलं होतं. ते मला माहीत नाही. बर्फाने बधिर झाल्यावर दाबलं, म्हणून दुखलं नाही. पुन्हा बघायला हवं. आत्ता."

धाकट्याने पाय किंचित आत ओढून घेतला. "काही गरज नाही. मी बरा आहे."

"बरा आहेस तर दाबू दे."

"ताई, तू म्हणालीस नक्की. माझ्या तोंडावर म्हणालीस. मी परीक्षकांना फोन करून सांगून बसलोय की येतोय म्हणून."

"चुकीचं म्हणाले."

आईने पुरचुंडी खाली ठेवली. थोरलीच्या तोंडून हे वाक्य तिनेही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"म्हणजे आता काय?" धाकट्याचा आवाज चढला. "तू दाबणार, मला जरा कळ येणार, मग एक्स-रे, मग सकाळ गेली, वर्ष गेलं. माझं शेवटचं वर्ष, ताई! आणि एक्स-रेमध्ये काही निघालंच नाही तर?"

"निघणार नाही, असंच जास्त शक्य आहे."

"मग मरू दे ना! मला कळायलाच नको. न कळता धावतो."

"न कळता तू धावशील. पण मला कळलंय की मला कळलेलं नाही. ते आता विसरता येत नाही."

"हे असलं वाक्य मैदानात बोललीस ना, तर लोक चपला फेकतील. तुला माहितीय, पंचाने दिलेला निर्णय फिरवला की काय होतं? इज्जत जाते. नंतरच्या प्रत्येक शिट्टीला लोक हसतात."

"जात असेल. नियम काय सांगतो?"

"कसला नियम?"

"तुझ्या पुस्तकातला. निर्णय बदलता येतो की नाही?"

धाकट्याला नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं, आणि पाठ असलेली गोष्ट माहीत नाही म्हणणं त्याला जमत नसे. हा गुण दोघांनीही एकाच घरातून उचलला होता.

"चूक लक्षात आली तर येतो," तो शेवटी म्हणाला. "खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत."

"सुरू झालाय?"

त्याने बांधलेल्या पायाकडे बघितलं. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची मुलं भिंतीवर चेंडू मारत होती.

"सकाळी होणार होता," तो म्हणाला आणि स्वतःच बँडेजचं टोक सोडवू लागला.

थोरलीने आधी उजवा, न दुखावलेला घोटा दाबला. तुलनेला काहीतरी हवं म्हणून. "इथे?" नाही. "इथे?" नाही. मग डावा. बोटं टोकाकडून सुरू केली आणि मागच्या कडेने हळूहळू वर नेली. एका ठिकाणी धाकट्याने उशीचा कोपरा मुठीत धरला आणि पाय तिच्या हातातून आपसूक मागे गेला, जसा तापलेल्या तव्यावरून हात जातो.

"दुखलं?"

"बघितलंस ना?"

"मी बघितलं. तू सांग."

"दुखलं," तो म्हणाला. "आई गं. दुखलं."

"मी मघापासून म्हणतेय," आई म्हणाली, "शेकलं असतं तर—"

"आई!" दोघं एकदम म्हणाले.

त्याने फोन करून परीक्षकांना येत नसल्याचं सांगितलं. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलणारा होता, त्यामुळे थोरलीलाही सगळं ऐकू आलं.

"काय, मोडलं का हाड?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, मग येत का नाहीस?"

"म्हणूनच," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सकाळी मैदानात उमेदवार रांगेत उभे राहिले असतील त्या वेळेला धाकटा एक्स-रेच्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसला होता. डॉक्टरीण बाईंनी काळी फिल्म दिव्यासमोर धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. "हाड छान आहे. चीर नाही. बंध चांगलाच ताणलाय. आधार लावा, पाय उंच ठेवा, दुखणं उतरेल तसं हळूहळू चालायला लागा."

"काल धावलो असतो तर?" धाकट्याने विचारलं. "म्हणजे आज."

"बंध तुटला असता कदाचित. कदाचित काहीही झालं नसतं." बाईंनी फिल्म पाकिटात घातली. "न घडलेल्याचा एक्स-रे आमच्याकडे निघत नाही."

थोरलीला बाई आवडल्या.

परतीच्या टॅक्सीत धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे काल तू बरोबर होतीस."

"उत्तर बरोबर होतं. मी नव्हते."

"आणि रात्री बरोबर होतीस, तेव्हा उत्तर चुकीचं."

"रात्री उत्तर नव्हतंच. प्रश्न होता."

"आणि त्या प्रश्नात माझी श्रेणी गेली."

"हो," थोरली म्हणाली. तिने त्यात काही मिसळलं नाही. सांत्वनाचे जे शब्द अशा वेळी बोलायची रीत आहे, त्यांतला एकही तिला तपासून मिळालेला नव्हता. थोड्या वेळाने धाकट्याने आपला पाय उचलून सरळ तिच्या मांडीवर ठेवला. डॉक्टरांनी तो उंच ठेवायला सांगितलं होतं. घर येईपर्यंत तिने तो तसाच धरून ठेवला.

आईने फिल्म उजेडात धरून स्वतः पाहिली आणि आपला निकाल दिला, "काही झालेलं नाही, मी बोलत होते की नाही?" आई तसं बोललेली नव्हती. पण तिच्या वाचनांची झडती घेण्याचं धाडस घरात कोणालाच नव्हतं.

त्या महिन्यात संस्थेच्या व्हरांड्यातल्या प्रथमोपचाराच्या फलकावर थोरलीने एक छोटी दुरुस्ती केली. घोट्याच्या चित्राखाली बर्फाचं वाक्य आधी होतं आणि हाड दाबून बघण्याचं नंतर. तिने ती वाक्यं कापून उलट क्रमाने चिकटवली. तराजूवाल्यांनी बघितलं आणि म्हणाले, "शून्यबाई, एवढ्यासाठी कात्री? लोक काय फलक वाचून पाय मुरगळतात?"

"वाचून नाही मुरगळत. मुरगळल्यावर वाचतात. आणि मग माझ्यासारखंच करतात."

तराजूवाले घाईने आपल्या खोलीकडे वळले. तिच्या तोंडावर शून्यबाई म्हटल्याचं त्यांच्या उशिरा लक्षात आलं असावं.

पुढे एका दुपारी धाकटा घड्याळ न्यायला आला. व्हरांड्यात तो पुढे बघून चालत होता. पिवळ्या पट्टीपाशी थांबला, पायरीकडे एकदा नीट बघितलं आणि उतरला. मधल्या श्रेणीचे सामने त्याने पुन्हा सुरू केले होते. आता त्याला आयुष्यभर तेच मिळणार होते, आणि ते तो पूर्वीच्याच आवेशाने खेळवत होता. काल एका सामन्यात पेनल्टी दिली आणि मग फिरवली, असं त्याने बसल्या बसल्या सांगितलं, जणू हवामानाबद्दल सांगावं तसं.

"लोक हसले?"

"शिव्या दिल्या. हसले नाहीत." त्याने घड्याळ हातात घेतलं. "हे बरोबर आहे?"

"आल्या स्थितीत तपासलं, मग बॅटरी बदलली, मग पुन्हा तपासलं. दिवसाला अर्धा सेकंद, इकडे-तिकडे."

"म्हणजे नक्की नाही."

"नाही."

धाकट्याने घड्याळ कानाशी धरलं. त्यातून काहीच आवाज येत नव्हता, त्या जातीच्या घड्याळांतून येत नाही. मग त्याने ते खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं.

"चालेल," तो म्हणाला.